घाण्यामागची वाट

फार मागची गोष्ट. तेव्हा गावांभोवती दगडी तट असत आणि आत यायला एकच वेस असे. अशाच एका गावात दर आठवड्याला मोठा बाजार भरायचा. त्या बाजारात धोंडाई नावाची कासारीण आपल्या सुनेला, मथुरेला, घेऊन बांगड्या विकायला बसायची.

धोंडाई लहान असताना तिच्या माहेरच्या गावावर भर बाजारात धाड पडली होती. त्या गर्दीत तिच्या धाकट्या बहिणीचा हात तिच्या हातातून सुटला. बहीण पुन्हा दिसली नाही. तेव्हापासून कुठेही बसायच्या आधी इथून बाहेर कसं पडायचं, हे धोंडाई पाहून घ्यायची.

या बाजाराच्या कडेला तेल्याचा घाणा होता. त्या खोपटाला मागून एक दार होतं आणि ते तटाआतल्याच ओढ्याकडे उघडायचं. टोपली मांडण्याआधी धोंडाई सुनेला त्या दारापर्यंत चालत न्यायची. बांगड्यांच्या टोपलीत जुन्या लुगड्याच्या चार-पाच पट्ट्याही ठेवायची.

मथुरेला शरम वाटायची. शेजारचा कापडवाला हिराजी तर सगळ्यांसमोर विचारायचा, "धोंडाबाई, बांगड्या विकायला आलात की पळायला?"

बायका हसायच्या. मथुरा मान खाली घालायची आणि सासूमागून चालायची.

एके दिवशी भर दुपारी बाजार गच्च भरला होता. मथुरा एका गरोदर बाईच्या हातात हिरव्या बांगड्या भरत होती. तेवढ्यात वेशीकडून टापांचा आवाज आला.

"कुणाची तरी वरात दिसतेय," हिराजी म्हणाला आणि पुन्हा कापड मोजू लागला.

मग एक किंकाळी आली. पाठोपाठ दुसरी. तोंडाला फडकी बांधलेले सहा-सात घोडेस्वार वेशीतून आत घुसले होते. त्यांच्या हातात उघड्या तलवारी होत्या. पुढ्यात येईल त्याच्यावर ते वार करत होते.

क्षणभर कुणीच हललं नाही. डोळ्यांना दिसत होतं, पण मनाला पटत नव्हतं.

मथुरेनं सासूकडे पाहिलं. धोंडाई दगडासारखी बसली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आत्याबाई, उठा."

"पाय उचलत नाहीत गं. तू जा."

मथुरेच्या छातीत असं धडधडत होतं की स्वतःचाच आवाज तिला ऐकू येत नव्हता. आता काय करायचं, हा विचार मात्र तिला करावा लागला नाही. तिनं टोपलीतल्या पट्ट्या कमरेला खोचल्या. एका हातानं सासूला ओढून उभं केलं, दुसऱ्या हातानं त्या बाईचं मनगट धरलं. बांगड्या तिथंच टाकल्या.

"हिराजीभाऊ, गाठोडी सोडा. माझ्यामागं या," ती म्हणाली.

हिराजीनं ऐकलं नाही. गाठोडी उराशी धरून तो वेशीकडे धावला. सगळा बाजारच तिकडे धावत होता. ज्या वाटेनं आलो त्याच वाटेनं बाहेर पडायचं, एवढंच लोकांना सुचत होतं, आणि मारेकरी तिथंच होते. माणसांवर माणसं पडत होती.

मथुरा गर्दीच्या उलट दिशेनं, भिंतीच्या कडेकडेनं निघाली. वाटेत जो भेटेल त्याला ती हळूच "इकडून" म्हणत होती. दहा-बारा जण तिच्यामागे घाण्यात शिरले. तेल्यानं पुढच्या दाराला अडसर घातला. तो आणि मथुरा एकेकाला मागच्या दारानं बाहेर काढू लागले.

तेवढ्यात पुढच्या दारावर धडका बसल्या.

"उघडू नकोस," तेली कुजबुजला. "तेच असतील."

मथुरेनं फटीला डोळा लावला. बाहेर हिराजी होता. हात रिकामे, आणि दंडातून रक्ताची धार लागलेली. त्याच्यामागे बोळाच्या तोंडाशी एका घोड्याचं डोकं दिसत होतं. तिचा हात अडसरावर थिजला. मग तिनं अडसर काढला, दार हातभर उघडलं, हिराजीला आत खेचलं आणि पुन्हा अडसर घातला.

रक्त थांबत नव्हतं. मथुरेनं पट्टी बांधली, पण गाठ सैल बसली. तेव्हा कोपऱ्यात बसलेली धोंडाई सरकत पुढे आली. तिनं दोन्ही तळवे जखमेवर दाबून धरले.

"घट्ट आवळ," ती सुनेला म्हणाली. "आणखी घट्ट. ओरडू दे त्याला."

हिराजी ओरडला नाही. त्यानं उपरण्याचा बोळा दातांत धरला.

मग सगळे ओढ्यात उतरले आणि करंजाच्या दाट झाडीत दबून बसले. कुणी खोकलासुद्धा नाही. वरून टापा गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. उन्हं कलली तेव्हा कुठं गाव शांत झालं.

त्या दिवशी वेशीत नऊ माणसं मारली गेली. मथुरेमागून गेलेली सगळी वाचली. हिराजीचा हात पुढे अधूच राहिला.

चार दिवसांनी मथुरेनं सासूला विचारलं, "आत्याबाई, मला सगळं तुम्हीच शिकवलंत. मग तुमचेच पाय का गळाले?"

धोंडाईनं सुनेला जवळ बसवलं. मग म्हणाली, "मला वाटायचं, वाट ठाऊक असली की भीती वाटणार नाही. वाटते गं, तेवढीच वाटते. मी एकटीच असते तर तिथंच मेले असते. तुला दाखवून ठेवली होती, म्हणून वाचले."

हे बोलणं गावभर झालं, आणि गावानं तट फोडून दुसरी वेस केली. तिच्यासाठी तटाचे पहिले चार दगड हिराजीनं एका हातानं काढले. टापांचा आवाज आला की मथुरा मात्र जन्मभर दचकत राहिली.

तात्पर्य: भीती कुणालाच चुकत नाही, पण सुटकेची वाट आधी पाहून ठेवावी आणि बरोबरच्यांनाही दाखवावी.