साळुंकीचे मोठे शब्द

एका जंगलाच्या कडेला, विश्रामगृहामागच्या बेहड्याच्या ढोलीत एक साळुंकी राहत असे. विश्रामगृहात शहरातले पाहुणे उतरत आणि आपसात इंग्रजीत बोलत. चहा निवला की कुणी "डिझास्टर" म्हणे, वाटेत साधे माकड दिसले तरी "अमेझिंग", आणि जेवायला जरा उशीर झाला की भुकेने मरणे तर ठरलेलेच. साळुंकी मुळात नकलांमध्ये तरबेज. तिने पाहुण्यांचे शब्द उचललेच, पण त्याहून पक्की उचलली ती त्यांची रीत : गोष्ट राईएवढी, शब्द पर्वताएवढा.

मन मात्र तिचे फार चांगले होते हो. कुणी काडीची मदत केली तरी ती विसरत नसे. एकदा मुंगीने तिला चोचीतून पडलेला दाणा दाखवला, तर साळुंकी म्हणाली की हे उपकार सात जन्मांत फिटणार नाहीत. बिचारी मुंगी! एका दाण्यापायी साळुंकी सात जन्म राबणार, या काळजीने तिला घास गोड लागेना. झाडाखालच्या बिळात एक मुंगूस राहत होता. साळुंकी "मेले, मेले" म्हणाली की तो हातातले काम टाकून धावत येई. कधी पंखात कुसळ अडकलेले असे, कधी वारा जोराचा असे, आणि एकदा तर नुसते ऊन लागत होते. दर वेळी ती त्याचे तोंड भरून आभार मानी. मुंगूस कधी रागावला नाही, पण हळूहळू त्याने धावणे सोडले.

पुढे साळुंकीला पिल्ले झाली. एका दुपारी ती चारा घेऊन परतते तो काय, एक भली मोठी धामण बेहड्याच्या बुंध्यावरून ढोलीकडे सरकत होती. साळुंकी किंचाळली, "मेले, मेले! डिझास्टर!" मुंगी आपल्या रांगेतून हलली नाही. मुंगसाने बिळात कूस बदलली. आज ऊन असेल नाहीतर वारा, असे त्याला वाटले. साळुंकी याहून मोठा शब्द शोधू लागली. पण होते नव्हते ते सगळे तिने सकाळीच एका आंबट उंबरावर खर्च केले होते. ती बिळाच्या तोंडाशी उतरली आणि हळूच म्हणाली, "दादा, धामण वर चढतेय. पिल्लं आत आहेत."

मुंगसाने कान टवकारले. इतके लहान बोलताना त्याने तिला कधी ऐकलेच नव्हते. एकही प्रश्न न विचारता तो धावला, बुंध्यावर झेपावला आणि शेपटी दातांत धरून त्याने धामणीला खाली ओढले. मोठी झटापट झाली. अखेर धामण झुडपात पळाली आणि ढोलीतली पिल्ले, काही घडलेच नाही अशी, चाऱ्यासाठी ओरडू लागली.

साळुंकीला आभार मानायचे होते. पण सात जन्म तर तिने एका दाण्यावर देऊन टाकलेले! मुंगसाच्या कानावरचे रक्त पाहून तिचे डोळे भरून आले. ती एवढेच म्हणाली, "दादा, तू आलास."

मुंगूस म्हणाला, "साळुंकीताई, आजवर तू माझे ढीगभर आभार मानलेस. पोचले ते आजचे."

संध्याकाळी साळुंकी मुंगीकडे गेली आणि तिला सांगून आली की त्या दिवशी तू दाणा दाखवलास, मला बरे वाटले. मुंगी त्या रात्री पोटभर जेवली.

तात्पर्य : बारीकसारीक गोष्टींवर मोठे शब्द उधळले, तर खऱ्या संकटात हाक पोचत नाही आणि खऱ्या उपकाराला शब्द उरत नाही. मनापासून आलेला साधा शब्द मात्र नेमका पोचतो.