कुंडीखाली टिकलीचा खाऊ

ही गोष्ट अगदी खरी. शप्पथ! मी शेजारीच उभा होतो. म्हणजे, उभा नव्हतो. झोपलो होतो. पण झोपलो होतो अगदी शेजारी.

वेणूकाकूच्या अंगणात काळ्या अक्रोडाचं झाड होतं. झाडावर राहायची टिकली. टिकली म्हणजे खारीचं इवलंसं पिल्लू. दात इवले, शेपूट झुबकेदार.

काळा अक्रोड दगडासारखा टणक! म्हणून आईने एक अक्रोड कुरतडला. त्याला भोक पाडलं. तो टिकलीला दिला आणि आई गेली रानात.

टिकलीने खाऊ मातीत पुरला. खारी पुरतातच.

सकाळी बघते तर काय? खाऊवर भली मोठी कुंडी!

"कुंडीमावशी, हल ना गं. खाऊ मिळेना. आता मी काय करू?"

कुंडी म्हणाली, "मला पाय आहेत का, बाई? काकू उचलेल, तर मी हलेन."

टिकली रडली. मुसुमुसु. आणि निघाली. तुरुतुरु.

काकू पायरीवर बसली होती. गालाला हात लावून.

"काकू काकू, ऊठ ना गं. कुंडी हलेना, खाऊ मिळेना. आता मी काय करू?"

काकू म्हणाली, "माझ्या टोमॅटोंनी माना टाकल्या गं. ते डुलतील, तर मी उठेन."

टिकली रडली. मुसुमुसु. आणि निघाली. तुरुतुरु.

"टोमॅटो टोमॅटो, डुला ना रे. काकू उठेना, कुंडी हलेना, खाऊ मिळेना. आता मी काय करू?"

टोमॅटो म्हणाले, "अक्रोडाची मुळं आलीत पायाशी. त्यांचा रस आम्हाला सोसत नाही. अक्रोड मुळं आवरेल, तर आम्ही डुलू."

टिकली रडली. मुसुमुसु. आणि निघाली. तुरुतुरु.

"अक्रोडदादा, ऐक ना रे. मुळं आवर. टोमॅटो डुलेनात, काकू उठेना, कुंडी हलेना, खाऊ मिळेना. आता मी काय करू?"

अक्रोड कण्हला, "फळांच्या ओझ्याने कंबर मोडली माझी! वारा ती पाडेल, तर मी ऐकेन."

टिकली रडली. मुसुमुसु. आणि निघाली. तुरु... तुरु...

वारा कुंपणावर लोळत पडला होता.

"वाऱ्या वाऱ्या, सूट ना रे. अक्रोड ऐकेना, टोमॅटो डुलेनात, काकू उठेना, कुंडी हलेना, खाऊ मिळेना. आता मी काय करू?"

वारा म्हणाला, "शिंक आली, तर सुटेन. पण शिंकच येत नाही, पोरी."

संपलं सगळं! आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही. पोटात भूक, डोळ्यांत पाणी. टिकली रडली. भोकाड पसरून रडली. आणि पाठ फिरवली.

पाठ फिरली, तशी शेपूटही फिरली. झुबकेदार शेपूट! वाऱ्याच्या नाकावरून. गुदूगुदू...

आऽऽऽक्छी!

वारा सुटला. सूंऽऽऽ!
फळं पडली. धप्प! धप्प! धप्प!
अक्रोडाने मुळं आवरली. सुळ्ळ!
टोमॅटो डुलले. डुल डुल!
काकू उठली. टुण्णकन!
कुंडी हलली. सर्रर्र!

टिकलीने माती उकरली. खरर खरर. तोच अक्रोड! तेच भोक!

कुटुम कुटुम. कुटुम कुटुम.

आता खरं सांगतो हं. वाऱ्याला नाक असतं. कुंडी बोलते. अक्रोडाने मुळं आवरली, तेवढं मात्र माझ्या पदरचं. अक्रोड कुठला ऐकतोय! काकूनेच टोमॅटो उपटले आणि लांब, पार विहिरीपलीकडे लावले.

पण कुटुम कुटुम मी ऐकलं. झोपेत ऐकलं. शप्पथ!