झिपरीची शेंग आणि बदकमामांचा पाय

एक होती खार. एवढीशी. तिचं नाव झिपरी. अंग मुठीएवढं, शेपूट मात्र ही भलीमोठी!

झिपरीला मिळाली एक शेंग. भुईमुगाची शेंग. हलवली की वाजायची. खुळखुळ, खुळखुळ! झिपरीला भूक लागली होती. कडकडून लागली होती. तिनं शेंग तोंडात धरली आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

वर ऊन. खाली जमीन तापलेली. चट! चट! पाय भाजले.

"आई गं!" झिपरी ओरडली.

तोंड उघडलं. शेंग पडली. गड गड गड गड! गेली ती थेट भिंतीच्या सावलीत.

सावली होती अरुंद. आणि त्या सावलीत केवढी ही गर्दी! कोंबडी होती. कोंबडीशेजारी शेळी. शेळीशेजारी गाढव. गाढवाशेजारी म्हैस. म्हशीच्या पाठीवर बगळा. सगळे ओळीनं उभे, अगदी अंगाला अंग लावून. तेवढ्यात बदकमामा आले. कोंबडीच्या उजवीकडे घुसले. डावा पाय ठेवला. थप! उजवा पाय ठेवला. थप! नेमका शेंगेवर.

झिपरी धावली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बदकमामा, बदकमामा, उजवा पाय उचला ना! खाली माझी शेंग आहे."

बदकमामा म्हणाले, "क्वॅक! पाय कसा उचलू? आधी डाव्या पायावर भार टाकायला हवा. डावीकडे तर कोंबडी. कोंबडी डुलेल, तर मी पाय उचलेन!"

"मग जरा उन्हात सरका ना!"

"छे छे! पाय भाजतील."

झिपरीचे भाजले ते चालतं! झिपरीनं नाक फुगवलं. गेली कोंबडीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बदक पाय उचलेना,
माझी शेंग मिळेना!
कोंबडीताई, कोंबडीताई, डावीकडे डुल ना!"

कोंबडी म्हणाली, "कॉक कॉक! मी कशी डुलू? डावीकडे शेळी. तिला धक्का लागला, की ती शिंगं दाखवते. शेळी कलेल, तर मी डुलेन!"

आता काय म्हणावं! झिपरीनं शेपूट आपटलं. गेली शेळीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"कोंबडी डुलेना,
बदक पाय उचलेना,
माझी शेंग मिळेना!
शेळीमावशी, शेळीमावशी, डावीकडे कल ना!"

शेळी पाला चघळत होती. चघळ चघळ. झिपरी थांबली. शेळीनं पाला गिळला. मग म्हणाली, "बेंऽऽ! मी कशी कलू? डावीकडे गाढव. नुसतं भिंतीसारखं उभं! गाढव हलेल, तर मी कलेन!"

एवढंच सांगायचं होतं, तर एवढा वेळ का चघळायचं? झिपरी पाय आपटत निघाली. गेली गाढवाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. चट! चट!

"शेळी कलेना,
कोंबडी डुलेना,
बदक पाय उचलेना,
माझी शेंग मिळेना!
गाढवदादा, गाढवदादा, डावीकडे हल ना!"

गाढवानं एक कान हलवला. झिपरीला आनंद झाला. गाढवानं दुसरा कान हलवला. बस्स. पुढे काहीच नाही.

"कान नको रे हलवू! तू हल ना!"

गाढव म्हणालं, "हीं-हॉं! मी कसा हलू? डावीकडे म्हैस. केवढी ती! म्हैस झुकेल, तर मी हलेन!"

झिपरीनं कपाळावर हात मारला. गेली म्हशीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"गाढव हलेना,
शेळी कलेना,
कोंबडी डुलेना,
बदक पाय उचलेना,
माझी शेंग मिळेना!
म्हैसआजी, म्हैसआजी, डावीकडे झुक ना!"

म्हैसआजीनं डोळेही उघडले नाहीत. "कोण गं ते चिकचिक करतंय? मी कशी झुकू, बाळा? पाठीवर बगळा झोपलाय. तोही एका पायावर! मी झुकले, की तो पडेल धपकन. बगळा पाय टेकेल, तर मी झुकेन!"

"अरे देवा! आणखी एक!" झिपरी म्हणाली. म्हशीच्या शेपटीवरून चढली वर. सरसर, सरसर.

"म्हैस झुकेना,
गाढव हलेना,
शेळी कलेना,
कोंबडी डुलेना,
बदक पाय उचलेना,
माझी शेंग मिळेना!
बगळेकाका, बगळेकाका, दुसरा पाय टेका ना!"

बगळेकाकांनी एक डोळा उघडला. "काय म्हणालीस? मी झोपलो होतो. परत सांग."

परत! झिपरीला धाप लागली होती. पोटात कावळे ओरडत होते. तरी ती परत म्हणाली.

"म्हैस झुकेना,
गाढव हलेना,
शेळी कलेना,
कोंबडी डुलेना,
बदक पाय उचलेना,
माझी शेंग मिळेना!"

बगळेकाका म्हणाले, "हां, आलं लक्षात. पण तालाशिवाय मी पाय बदलत नाही. कुणीतरी ताल धरेल, तर मी पाय टेकेन!"

ताल? आता ताल कुठून आणायचा?

झिपरीचं डोकं फिरलं. अस्सं फिरलं, अस्सं फिरलं, की ती तिथेच थयथय नाचायला लागली.

"नको मला ताल!" डावा पाय. थाप!

"नको मला काही!" उजवा पाय. थाप!

"वैताग!" डावा पाय. थाप!

"वैताग!" उजवा पाय. थाप!

"अरे वा!" बगळेकाका म्हणाले. "हाच की ताल!"

आणि काय झालं?

बगळ्यानं पाय टेकला.
म्हैस झुकली.
गाढव हललं.
शेळी कलली.
कोंबडी डुलली.
बदकमामांनी डाव्या पायावर भार टाकला. उजवा पाय झाला हलका. उचलला वर!

"माझी शेंग!" झिपरीनं टुणकन उडी मारली. सुटली धावत. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु...

पण झिपरी धावली, तर ताल थांबला. ताल थांबला, तर सगळे होते तसे उभे राहिले. बगळ्यानं पाय वर घेतला. आणि बदकमामांनी पाय खाली ठेवला.

थप! शेंगेवर.

झिपरी मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आता परत शेपटीवरून चढायचं? परत नाचायचं? नाचलं तर धावता येत नाही. धावलं तर नाचता येत नाही. काय करावं एका खारीनं!

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"रडू नकोस गं," कोंबडी म्हणाली. "आम्हाला मजा आली. परत ताल दे ना!"

"मी दमलेय!" झिपरी ओरडली. "माझे पाय दमलेत!"

पाय दमले होते. पण आवाज? आवाज चांगला मोठा होता.

झिपरीनं डोळे पुसले. बदकमामांच्या पायाजवळ जाऊन बसली. शेंगेच्या अगदी जवळ. आणि तिथूनच ओरडली, "चला सगळे! डाव्या पायावर! झुऽऽल!"

बगळ्यानं पाय टेकला. सगळी ओळ डावीकडे झुलली.

"उजव्या पायावर! झुऽऽल!"

सगळी ओळ उजवीकडे झुलली.

"म्हैसआजी, नीट! सगळा भार एका पायावर... दुसरा हलका! गाढवदादा, कान नको, अंग हलव! शेळीमावशी, चघळणं पुरे! डाव्या पायावर! झुऽऽल!"

म्हैस झुकली, गाढव हललं, शेळी कलली, कोंबडी डुलली. बदकमामांचा उजवा पाय वर! चांगला उंच वर!

झिपरीनं शेंग धरली. ओढली. सुर्रर्र! निघाली बाहेर!

"उजव्या पायावर! झुऽऽल!" आता बदकमामाच ओरडले. थप! पाय खाली आला. खाली काहीच नव्हतं.

झिपरी शेंग घेऊन भिंतीवर चढली. सरसर, सरसर. वर एका कोनाड्यात मस्त सावली होती. तिथे ती पाय पसरून बसली. खाली ओळ झुलतच होती. डावीकडे झुल, उजवीकडे झुल. आता थांबवेना कुणालाच!

झिपरीनं शेंग फोडली. कट्ट! आत दोन दाणे. गुलाबी गुलाबी.

बदकमामांनी मान वर केली. "झिपरे, झिपरे, एक दाणा मला दे ना!"

झिपरीनं खाली बघितलं. नाक फुगवलं.

"एवढं पळवलंत मला! मुळीच देणार नाही!"

एक दाणा खाल्ला. कुटूकुटू. दुसराही खाल्ला. कुटूकुटू.

टरफल उरलं. गोष्ट सरली.