अल्याडची रेती

“मग अल्याडची रेती कुठं गेली?” दाजीबांनी विचारलं.

वैरागड्यांना प्रश्न कळला नाही.

दाजीबांच्या शेडमधल्या सारवलेल्या जमिनीवर बारा चित्रं ओळीनं मांडली होती. आषाढापासून ज्येष्ठापर्यंत, महिन्याला एक. बाराही वैनगंगेची, बाराही याच गावच्या घाटावरून काढलेली.

“पल्याडची रेती दिसते,” दाजीबा म्हणाले. “पुसात जराशी. चैतात भरपूर. पन आपल्या काठची एकाही चित्रात नाही.”

ते वाकले. पहिल्या चित्राच्या खालच्या कडेवर त्यांनी हाताची बोटं आडवी टेकवली.

“आखाड. चार बोटं पानी.”

दुसऱ्यावर टेकवली.

“सावन. चार बोटं.”

एकेक करत ते ओळीच्या शेवटी पोचले.

“जेठ. चार बोटं... मास्तर, तुही वैनगंगा जेठातबी भरूनच वाहते काय?”



मुकुंद वैरागडे नागपूरच्या एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. वय बेचाळीस. जलरंगात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं, आणि हे त्यांना ठाऊक होतं. तीन सुवर्णपदकं घरच्या कपाटात होती. पण सात वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या परीक्षकानं त्यांच्या नदीच्या चित्रापुढं उभं राहून तीन शब्द उच्चारले होते. पाणी मेलेलं आहे.

पदक त्याही वर्षी मिळालं. शब्द मात्र गेले नाहीत.

दाजीबा नान्हे जातीनं ढिवर. बाप नदीत जाळी टाकायचा, दाजीबांनी आयुष्यभर पडदे रंगवले. झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे. राजवाडा, अरण्य, रस्ता आणि नदी. त्यांच्या नदीचा पडदा खाली आला की पुढच्या ओळीत बसलेल्या बाया पाय वर घेत, असं अजून सांगतात.

म्हणून वैरागडे त्यांच्याकडं आले होते. गेल्या आषाढात.

तेव्हा दाजीबांनी तीनच गोष्टी सांगितल्या होत्या. एका जागी बैस. रंग तुहे, पानी नदीचं. बारा महिने मी काही पाहणार नाही.

“आणि त्यानंतर मला तुमचा शिष्य म्हणवून घेता येईल?” वैरागड्यांनी विचारलं होतं.

“त्यानंतर पाहू.”

दाजीबांनी आजवर कुणालाच शिष्य म्हटलं नव्हतं. वैरागड्यांना मात्र खात्री होती. पुढच्या महिन्यात नागपुरात प्रदर्शन होतं. निमंत्रणपत्रिकेत नावाखाली एक ओळ मोकळी सोडून त्यांनी मजकूर छापखान्यात दिला होता. त्या ओळीत काय छापायचं, ते आज ठरायचं होतं.

“तो रचनेचा भाग आहे, बाबाजी,” ते आता म्हणाले. “पुढं पाणी असलं की चित्राला तोल येतो.”

“हो काय?”

“जागा तीच आहे. घाट तोच. पल्याडचं ते अर्जुनाचं झाडही तेच. मी हललो नाही.”

“मंग चाल. दाखव.”

सकाळचे साडेसहा झाले होते. ऊन अजून कोवळं होतं. दाजीबा काठी टेकत शेडमधून निघाले आणि घाटाच्या माथ्यावर येऊन थांबले. पुढं आले नाहीत. सहा वर्षांपासून त्यांचे गुडघे पायऱ्यांना नाही म्हणत होते. नदी ते इथूनच पाहत.

“मी हाय इथं. तू दाखव. आखाडात कुठं बसला होतास?”

वैरागडे सहाव्या पायरीवर उतरले.

“इथं.”

“सावनात?”

वैरागडे घुटमळले. मग परत वर आले. अगदी वरच्या पायरीवर, दाजीबांच्या पायापाशी.

“पूर होता,” ते म्हणाले. “पाणी इथवर आलं होतं.”

“म्हंजे तिनं तुले वर पाठवलं. बरं. कार्तिकात?”

वैरागडे खाली निघाले. नवव्या पायरीवर उजव्या हाताला दगडावर निळे ठिपके होते. पुसट, पण ओळखू येणारे. त्यांचेच. कुंचला धुतला की उजवीकडं झटकायचा, ही त्यांची वीस वर्षांची सवय.

ते थांबले.

तीन पायऱ्या खाली तपकिरी शिंतोडे होते. आणखी तीन पायऱ्या खाली राखी. मग हिरवट. एके ठिकाणी केशरी, पळसाच्या दिवसातले.

दाजीबा आता विचारत नव्हते. वैरागडे डागामागून डाग उतरत गेले. पायऱ्या संपल्या. रेती लागली. रेतीत चाळीस पावलं गेल्यावर पाण्याच्या कडेला एक चपटा दगड होता. त्यावर मागच्या रविवारचा जांभळा शिंतोडा अजून ताजा दिसत होता.

तिथून त्यांनी वळून पाहिलं. घाटाच्या माथ्यावर दाजीबा करंगळीएवढे दिसत होते.

हलायचं असं त्यांनी कधी ठरवलं नव्हतं. फक्त रंगासाठी नदीच्या पाण्यानं डबा भरायचा असायचा. बसल्याबसल्या हात पाण्याला पोचेल, अशी जागा ते दर वेळी धरत. नदी मागं सरत गेली. ते पुढं सरत गेले. आणि चित्रात पाणी चार बोटंच राहिलं.

जवळच कौसाबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून जाळं धूत होती. दाजीबांच्या नात्यातली, साठीची बाई.

“का जी मास्तर, काही हरपलं काय?”

“हो.”

“काय?”

“वर्ष.”

“ते कुठी सापडते जी,” ती म्हणाली, आणि जाळं झटकलं.

वैरागडे वर आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. दाजीबांसमोर ते खाली मान घालून उभे राहिले.

“बाराही चुकली, बाबाजी. तुम्ही एक जागा सांगितली होती. मी बारा धरल्या... आणि मला कळलंही नाही.”

दाजीबा नदीकडं पाहत होते.

“प्रदर्शन रद्द करतो. येत्या आषाढापासून पुन्हा बसतो. एका पायरीवर. हवं तर डबा भरून बरोबर घेईन.”

“किती झाल्या?”

“काय?”

“पायऱ्या.”

“बावीस. मग रेती.”

“मोजल्या?”

“आत्ता. वर येताना.”

“पयले नाही मोजल्या?”

“नाही.”

दाजीबांनी काठीनं शेडकडं खूण केली.

“चित्रं आन. जे ज्या पायरीवर काढलं, ते त्या पायरीवर ठेव.”

“फाडून टाकायला हवीत ती.”

“तुले फाडाले सांगितलं काय मी? ठेव म्हनलं.”

वैरागडे चित्रं घेऊन आले. श्रावण पहिल्या पायरीवर. भाद्रपद तिसऱ्या. आषाढ सहाव्या. आश्विन सातव्या. वारा नव्हता, तरी त्यांनी प्रत्येक चित्राच्या चारही कोपऱ्यांवर खडे ठेवले. चैत्र बाविसाव्या पायरीवर आला. वैशाख रेतीत. ज्येष्ठ पाण्याकाठच्या चपट्या दगडावर.

ते ठेवून त्यांनी वर पाहिलं, आणि जागच्या जागी थिजले.

दाजीबांनी काठी बाजूला ठेवली होती. ते पहिल्या पायरीवर बसले होते. हात दोन्ही बाजूंना टेकवून ते दुसऱ्या पायरीवर उतरले. बसल्याबसल्याच.

“बाबाजी, थांबा! मी येतो.”

“तू तिथंच राह्य.”

कौसाबाईनं जाळं सोडलं आणि कपाळावर हात धरून पाहिलं.

“अगं माय! दाजीबा जी, लेकरावानी बुडावर उतरून राहिले काय?”

“तू आपलं जाळं पाह्य, कौसा.”

“धोतर फाटंन नं!”

“फाटलं तं तू शिवून देजो.”

ती हसली. पण हसता हसता पदरानं डोळे पुसले, आणि पाण्यातून बाहेर आली नाही. तिथूनच पाहत राहिली.

वैरागडे मात्र राहू शकले नाहीत. ते वर धावले आणि दाजीबांच्या एक पायरी खाली, पडले तर धरता यावं म्हणून, उलटे उतरत राहिले. दाजीबांनी त्यांना हाकललं नाही.

भाद्रपदाच्या चित्रापाशी तांबडं पाणी कागदभर उसळत होतं. दाजीबांनी आधी धोतराचा सोगा गोळा करून मांडीवर घेतला. मगच ते चित्राच्या बाजूनं सरकले.

“असल्याच पान्यात माह्या बापाची डोंगी गेली,” ते म्हणाले.

“आणि वडील?”

“बाप काय जाते? तो पोहत आला अन् मले मारलं. डोंगीची दोरी मीच बांधली होती.”

वैरागड्यांना हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदा.

आश्विनापाशी दाजीबा थांबले नाहीत. कार्तिकापाशी फार वेळ थांबले. मार्गशीर्षाच्या पायरीवर त्यांनी पाणी मागितलं. वैरागड्यांनी झोळीतली बाटली दिली. ती त्यांनी नाकासमोर धरून परत केली.

“नळाचं हाय.”

“हो.”

“राहू दे. खाली जाऊनच पिऊ.”

सतराव्या पायरीवर माघ होता. धुक्यात अर्धी नदी नाहीशी झालेली.

“धुकं मी पडद्यावर कधी काढलं नाही,” दाजीबा म्हणाले. “काढाची लय इच्छा. कंपनीवाले म्हनत, दाजीबा, मागचं काही दिसत नाही, लोक पैसे वापस मांगतीन.”

त्यांनी चित्रावर हात धरला. टेकवला नाही. शेकोटीवर धरावा तसा, जरा वर. मग तो हात आपल्या गालाला लावला.

एकोणिसाव्या पायरीवर फाल्गुन. काठावर पळस पेटला होता, आणि खाली, पाण्यात, तोच पळस तुटत तुटत हलत होता.

दाजीबा खूप वाकले. डोळे बारीक केले.

“हा मी पाहिलाच नाही.”

“समोरचाच पळस आहे, बाबाजी. तुमच्या शेडमधून दिसतो.”

“झाडावरचा दिसते,” दाजीबा म्हणाले. “पान्यातला दिसत नाही.”

अर्जुनाच्या झाडावर एक खंड्या ओरडला आणि उडाला.

बाविसाव्या पायरीवर दाजीबांचा श्वास लागला होता. तळहात लाल झाले होते. वैरागड्यांनी हात पुढं केला. या वेळी दाजीबांनी तो धरला. रेतीत ते दोघं हळूहळू चालले, वैशाखाला वळसा घालून. चाळीस पावलांना बराच वेळ लागला.

चपट्या दगडावर ज्येष्ठाचं चित्र होतं. दाजीबांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. ते त्याच्या बाजूला बसले आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले.

मासोळ्यांची पिल्लं आधी पळाली. मग परत आली आणि त्यांच्या घोट्यांना टोचू लागली.

दाजीबांनी ओंजळ भरली. प्यायले. दुसरी ओंजळ डोळ्यांना लावली, आणि हात चेहऱ्यावरून काढायला त्यांना वेळ लागला...

“सहा वर्षं,” ते म्हणाले.

कौसाबाई आवाज न करता दुसरीकडं वळली.

“मास्तर, तुहे उपकार झाले माह्यावर.”

“असं म्हणू नका, बाबाजी. मी चुकलो होतो.”

“हो. चुकलास,” दाजीबा आनंदानं म्हणाले. “चांगला बारा महिने चुकलास.”

“मग... पुन्हा नको काढू?”

दाजीबा पाय हलवत होते. पाण्यावर वलयं उठत होती आणि पल्याडच्या रेतीकडं जात होती. वैरागडे त्यांच्या शेजारी रेतीत उकिडवे बसले. त्यांनाही पाण्यात हात घालावासा वाटला, आणि त्यांनी घातला. वर्षभर त्यांनी या पाण्यात डबा बुडवला होता. हात असा कधी ठेवला नव्हता. पाणी वर कोमट आणि खाली गार होतं. कुणाचे आभार मानावेत ते त्यांना समजेना, म्हणून त्यांनी नुसतीच मान लववली, नदीकडं की दाजीबांकडं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

ऊन तापू लागलं. वरच्या पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या दिसायला लागल्या.

“बाबाजी,” वैरागडे शेवटी म्हणाले, “छापखान्याचा माणूस दुपारी फोन करील. लोक विचारतील, शिकलात कुणाकडं. मी काय सांगू?”

दाजीबांनी रेती पाहिली. बावीस पायऱ्या पाहिल्या. माथ्यावर राहिलेली आपली काठी पाहिली. मग त्यांनी पाण्यातून पाय बाहेर काढले आणि दोन्ही हात वैरागड्यांच्या खांद्यांकडं पुढं केले.

“पाठ कर इकडं, मास्तर. तुह्या गुरूले वर ने.”