येसू कासारणीचा निवाडा

सुवर्णदुर्गच्या राजा धवलसेनाला सौंदर्यस्पर्धा भरवायची हौस आली आणि दरबारात एकही माणूस धडधाकट उरला नाही.

झालं असं, की स्पर्धेत धाकट्या राणी कुमुदिनीदेवी उतरल्या. ते कळताच प्रधानांची बायको उतरली. मग सेनापतींची मुलगी आणि नगरशेठांची सूनही उतरली. चौघी मानी, चौघींची माणसं वजनदार. आता परीक्षक कोण होणार? राजाने प्रधानांना विचारलं, तर त्यांची कंबर धरली. पुरोहितांनी मौनव्रत घेतलं. राजवैद्य तर स्वतःच जडीबुटी आणायला डोंगरात निघून गेले. राजकवींनी मात्र होकार दिला, चौघींवर एकेक कविता रचली आणि 'चारही चंद्र सारखेच' असा निकाल लावला. राजाने त्यांना दुसऱ्या दिवशी राज्याबाहेर घालवलं. "आकाशात चंद्र एकच असतो, एवढंही ज्याला ठाऊक नाही तो कसला कवी?" असं तो म्हणाला.

त्याच सकाळी येसू कासारीण राणीवशात बांगड्या भरत बसली होती. राजा तिथे आला.

"येसू, राज्यातल्या सगळ्या बायकांचे हात तुझ्या हातात येतात. सगळ्यात सुंदर कोण?"

"महाराज, मी खाली मान घालून बांगडी भरते. मला मनगटं ओळखू येतात, तोंडं नाहीत."

"मग आता मान वर कर. पौर्णिमेच्या सभेत तूच परीक्षक. आणि ऐक. नाव एकच घ्यायचं. जी हरेल तिने माझ्याकडे रडत यायचं नाही. भर सभेत तुझ्या निकालावर कुणाला बोट ठेवता येता कामा नये. यातलं काही चुकलं तर तुझं दुकान बंद आणि तू कवीच्या सोबतीला."

येसू घरी गेली, पण तिच्या हातून दिवसभर बांगड्याच फुटत होत्या. तीन पिढ्यांचं दुकान होतं ते. दुपारी प्रधानांकडून भरजरी लुगडं आलं. तिने ते परत पाठवलं. संध्याकाळी सेनापती स्वतः आले आणि नुसते तिच्या ओट्यावर बसून तलवार पुसत राहिले. ती त्यांनाही म्हणाली, "साहेब, पुसून झाली की ओटा तेवढा पुसून जा."

पौर्णिमेच्या सकाळी सभा भरली. चौघी नटूनथटून आल्या. कुणी दुसरीकडे बघेना. येसूने समोर गाद्या घातलेला एक लांब बाक मांडून घेतला होता. ती पुढे झाली.

"महाराज, गाणं कोण पारखतो?"

"गवई."

"कुस्ती?"

"मल्ल."

"मग रूप कासारणीने कसं पारखायचं? ज्याच्याजवळ ते आहे त्यानेच पारखावं. मला मदतनीस घेण्याची परवानगी द्या."

राजाने मान डोलावली. येसू चौघींकडे वळली.

"हा परीक्षकांचा बाक. ज्यांच्या रूपाबद्दल त्यांना स्वतःला काही शंका नाही, त्यांनी इथं बसावं. ज्यांना आपलं रूप अजून दुसऱ्याकडून पारखून घ्यायचंय, त्यांनी समोर उमेदवारांच्या रांगेत उभं राहावं."

बोलणं पुरं व्हायच्या आत कुमुदिनीदेवी बाकावर होत्या. प्रधानांची बायको त्यांना जवळजवळ खेटूनच बसली. उरलेल्या दोघीही आल्या. बाक भरला. रांगेत मात्र काळं कुत्रं नव्हतं.

"अगं, आता स्पर्धा कुणाची?" राजा म्हणाला.

"ते परीक्षक सांगतील. परीक्षक स्पर्धेत नसतो, म्हणून यांनी स्वतःचं किंवा एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. या सभेतल्या कुणाही एकीचं नाव एकमताने सांगायचं."

चौघींनी सभेवर नजर फिरवली. पाणी देणारी एक तरुण दासी दिसताच चौघींनीही घाईने मान दुसरीकडे फिरवली. मग नगरशेठांच्या सुनेचे डोळे एका कोपऱ्यात थांबले. तिथे राजाची ब्याऐंशी वर्षांची आत्या आऊबाई खलबत्त्यात सुपारी कुटत बसली होती. तोंडात दातच दोन उरलेले.

"आत्याबाई," ती म्हणाली.

"अगदी माझ्या मनातलं बोललीस," प्रधानांची बायको म्हणाली.

"काय तेज आहे चेहऱ्यावर," सेनापतींची मुलगी म्हणाली.

"आणि सुरकुत्या किती रेखीव," राणीसाहेबांनी शेवटचं मत दिलं.

आऊबाईंना कमी ऐकू यायचं. दासीने कानात ओरडून निकाल सांगितला. म्हातारीने बत्ता खाली ठेवला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "हे ठरवायला यांना सभा भरवावी लागली?"

राजाने स्वतः उठून आत्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला. तिने त्याला लहानाचा मोठा केला होता, तेव्हा निकालावर बोट ठेवायची त्याचीच छाती नव्हती, तर इतरांची कुठून असणार? चौघी परीक्षक आनंदाने टाळ्या वाजवत होत्या. प्रधानांची कंबरही सरळ झाली.

सभा उठल्यावर राजाने येसूला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "आता दोघंच आहोत. खरं सांग, मुकुट कुणाला जायला हवा होता?"

येसूने हात जोडले. "महाराज, मला काय विचारता? त्या बाकावर बसण्याइतकं रूप माझ्याकडे कुठंय?"

राजा इतका हसला की दाराबाहेरचे भालदार आत डोकावले. त्याने तिला गडाच्या दरवाज्यापाशी दुकानाला जागा दिली आणि वर काय हवं ते माग म्हणाला.

"एक लेखी हुकूम द्या," येसू म्हणाली, "की यापुढे मला कधी परीक्षक नेमायचं नाही."

राजाने हसत हसतच त्यावर शिक्का मारला.