कोतवालाची मैना

फार पूर्वी एका नगरीत घरं शाकारणारा एक माणूस राहत होता. हात कसबी, पण एकदा मोह झाला आणि ज्याचं छप्पर शाकारत होता, त्याचीच पितळी घागर त्याने लांबवली. शिक्षा भोगून तो सुटला, तेव्हा कोतवालाने एक शिकवलेली मैना त्याच्या मागे लावली. ती दिवसभर त्याच्याबरोबर फिरायची. सांजेला दोघांनी चावडीवर हजर व्हायचं आणि मैनेने पाहिलं-ऐकलं ते सगळं बोलून दाखवायचं.

चावडीवर गर्दी होऊ लागली. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो?

"आज वैद्याच्या दारात उभा होता," मैना म्हणाली.

"याला काय धाड भरलीय? घर हेरत असेल!" तेली म्हणाला.

"घरी बायको म्हणाली, पीठ संपलं."

"बघा! आता कुणाची तरी कणगी फुटणार!"

मैना खरंच बोलायची. पण संशयी कानाला खऱ्यातही चोरच ऐकू येतो.

लोक त्याला कामाला बोलवेनात. "तू ये रे, पण ती मैना नको. आमच्या घरातलं चावडीवर कशाला?" असं म्हणून कडी लावून घ्यायचे. बिचाऱ्याने चोरी सोडली होती, आता कामही सुटलं. चूल थंड पडू लागली.

एकदा वादळात कोतवालाचंच छप्पर उडालं. दुसरा शाकारणारा मिळेना, म्हणून यालाच बोलावणं गेलं. मैनाही आली आणि आढ्यावर बसली.

सांजेला मैना चावडीवर बोलू लागली, "कोतवाल बायकोजवळ बसून रडला. म्हणाला, आपला पाळणा रिकामाच राहणार."

लोक खो खो हसले. कोतवालाचा चेहरा पडला. "गप्प बस! ते माझ्या घरातलं आहे!" तो ओरडला.

एकटा शाकारणारा हसला नाही. हात जोडून म्हणाला, "सरकार, मीही ऐकलं होतं, पण कुठे बोललो नाही. पीठ संपलं, तेही माझ्या घरातलंच होतं. माझ्या बायकोने तर कुणाची घागर चोरली नव्हती."

कोतवालाला मान वर करवेना. दुसऱ्या दिवशी त्याने मैनेला वेशीवर बसवलं. "हा नगरी सोडून गेला तर सांग. कुणाच्या उंबऱ्याआत डोकावायचं नाही," असं बजावलं.

पहिलं बोलावणं तेल्याचं आलं. काम होईपर्यंत तो आपल्या बुधल्यांना चिकटून बसला होता म्हणा, पण दार त्याने उघडलं.

तात्पर्य: चुकलेल्याच्या पावलांवर नजर असावी, पण ती त्याच्या चुलीपर्यंत नेऊ नये, तिथे काहीच न चुकलेली माणसंही बसलेली असतात.