उसवलेला अंगरखा

सुया-कात्र्यांना वाचा होती, त्या काळची ही गोष्ट. येसबा शिंप्याकडे आज्याने शिवलेला एक अंगरखा होता. तो अंगाला कुठेच काचत नसे. तसा दुसरा मात्र येसबाला काही केल्या जमेना. शेवटी त्याने कात्रीला तो उसवायला लावला.

चिंधीत टोचून ठेवलेल्या सुईला स्वस्थ बसवेना. "अगं थांब! एवढा एकच उरलाय. फाडतेस काय?"

"फाडत नाही. कसा शिवलाय ते बघतेय," कात्री म्हणाली आणि कटाकट टाके तोडत सुटली. बाह्या, गळा, पाठ, सगळं वेगळं होऊन चटईवर पडलं. सुईचा जीव नुसता खालीवर होत होता.

माप द्यायला आलेले शास्त्रीबुवा मात्र खूश झाले. "वा! आम्ही भाषेचं हेच करतो. व्याकरण म्हणजे मुळात वेगळं करून, उलगडून दाखवणं."

"आणि दाखवून झालं की?" सुईने घाईघाईने विचारलं. "पुन्हा शिवता ना, बुवा?"

शास्त्रीबुवांनी चटईवरची एक बाही उचलून पाठीच्या तुकड्याला लावून पाहिली. तोवर येसबाने सुईत दोरा ओवला होता.